भिंगाचे प्रगतिपुस्तक
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे गुणपत्रक पाहणारे पुष्कळ आहेत, पण ते पुरते वाचणारे फार थोडे. निकाल लागला की शेजारीपाजारी येतात, पेढा हातात घेतात आणि एकच प्रश्न विचारतात, "किती टक्के?" कोणत्या विषयात किती गुण, प्रश्नपत्रिका कशी होती, तपासणारा कोण होता, याची चौकशी कोणी करीत नाही. एका आकड्यावर माणसाची किंमत ठरवून लोक घरी जातात. हीच सवय आपण बाजारातही घेऊन जातो. फोन घेताना मेगापिक्सेल किती, पंखा घेताना तारे किती, एवढे विचारले की आपली परीक्षा संपली.

मला या लेखात एका वेगळ्या प्रगतिपुस्तकाविषयी लिहायचे आहे. ते कॅमेऱ्याच्या भिंगाचे आहे. कॅमेऱ्याची भिंगे बनवणाऱ्या कंपन्या प्रत्येक भिंगाबरोबर एक आलेख प्रसिद्ध करतात. त्याला एमटीएफ आलेख म्हणतात. 'मॉड्युलेशन ट्रान्स्फर फंक्शन' हे त्याचे पूर्ण नाव. नाव ऐकूनच कला शाखेचा विद्यार्थी दोन पावले मागे सरतो आणि "हे सायन्सवाल्यांचे काम" म्हणून मोकळा होतो. माझे मत याच्या उलट आहे. हा आलेख आपल्यापैकी कोणालाही एका दुपारी वाचता येईल, तो वाचता आलाच पाहिजे, आणि वाचता आल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा हेही कळले पाहिजे. या तिन्ही गोष्टी वाचनाच्याच आहेत, आणि वाचन हा जर कला शाखेचा विषय नसेल तर मग आमचा विषय तरी कोणता?

हा विषय माझ्या वाट्याला कसा आला ते सांगणे जरूर आहे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्या घरात एकच माणूस शिकते त्या घरातला प्रत्येक कागद त्या माणसापुढे येतो, हे माझ्यासारख्या अनेकांना अनुभवाने ठाऊक असेल. विजेचे बिल, दवाखान्याचा रिपोर्ट, पतसंस्थेची नोटीस, सगळे माझ्याकडे. त्यातच एक दिवस दादाने एक कागद पुढे केला. दादा लग्नाचे फोटो काढतो. एका दुकानदाराने त्याला महागडे भिंग दाखवून त्याचा आलेख हातात दिला होता आणि वरच्या रेघेवर बोट ठेवून "बघा, वर्गात पहिला नंबर आहे" असे सांगितले होते. पैसे आईच्या बचतगटातून कर्जाने उचलायचे होते. दादा म्हणाला, "कालेजात जातीस न्हवं? मग ह्ये काय लिवलंय सांग की!" कर्जाचा हप्ता आईने भरायचा आणि कागद मी वाचायचा, अशी ती वेळ होती. म्हणून मी वाचायला बसले. ग्रंथालयातील छायाचित्रणाची दोन पुस्तके आणि कंपन्यांची माहितीपत्रके एवढी सामग्री पुरली.

पहिली गोष्ट अशी कळली की या आलेखाची मूळ कल्पना आमच्या घरातलीच आहे. कापडाचा दर्जा पाहताना गोदामात एक घडीचे लहान भिंग कापडावर ठेवतात आणि त्याच्या एक इंचाच्या चौकटीत उभे धागे किती, आडवे म्हणजे पीक किती, ते मोजतात. कॅमेऱ्याच्या भिंगाची परीक्षा अशीच आहे. येथे धाग्यांच्या जागी काळ्या-पांढऱ्या रेषा असतात. एक काळी आणि एक पांढरी मिळून एक रेषाजोडी. भिंगाने उमटवलेल्या प्रतिमेत एका मिलिमीटरमध्ये अशा दहा जोड्या बसल्या तर त्या जाड रेषा समजतात, तीस बसल्या तर बारीक. जाड म्हणताना लक्षात ठेवावे की दहा जोड्या म्हणजे इंचाला २५४ जोड्या होतात. इंचाला साठ-सत्तर पीक मोजणाऱ्या आमच्या लोकांना ती जाडी फारच बारीक वाटेल!

आता प्रश्न असा की भिंगाने रेषा 'दाखवल्या' म्हणजे काय? पूर्वी, रेषा वेगळ्या दिसेनाशा होईपर्यंत बारीक करीत जायचे आणि किती रेषांपर्यंत भिंग टिकले तेवढाच आकडा लिहायचा, अशी पद्धत होती. पण त्यात एक उणीव होती. काळ्या-पांढऱ्या बारीक चौकटीचे कापड लांबून पाहिले की ते करडे दिसते. मधल्या अंतरावरून पाहिले तर चौकट दिसते खरी, पण काळा पुरता काळा नसतो आणि पांढरा पुरता पांढरा नसतो. भिंगाचे तसेच होते. दोन भिंगे शेवटच्या रेषेपर्यंत सारखीच टिकतील, परंतु एकाच्या चित्रात काळे-पांढरे ठसठशीत असेल आणि दुसऱ्याच्या चित्रात सगळीकडे करडी छटा पसरलेली असेल. म्हणजे रेषा दिसते की नाही हा प्रश्न अपुरा आहे. किती उठून दिसते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर काढण्याचे गणित सातवीच्या पुस्तकाबाहेरचे नाही. प्रतिमेतील पांढऱ्या पट्टीचा उजेड मोजायचा, काळ्या पट्टीचा मोजायचा; दोहोंच्या वजाबाकीला दोहोंच्या बेरजेने भागायचे. उजेड ९० आणि १० आला तर वजाबाकी ८०, बेरीज १००, उत्तर ०.८. उजेड ६० आणि ४० आला तर उत्तर ०.२. सगळेच करडे झाले तर उत्तर शून्य. मूळ पट्ट्या शुद्ध काळ्या-पांढऱ्या असल्या आणि भिंगाने त्या जशाच्या तशा उतरवल्या तर उत्तर १. आलेखाच्या उभ्या बाजूला शून्यापासून एकपर्यंत जे आकडे असतात ते हेच होत. या साध्या भागाकारामागे मोठे शास्त्र उभे आहे हे मात्र खरे. उष्णता पदार्थातून कशी वाहते याचा विचार करताना फ्रान्सच्या जोसेफ फूरिये यांनी जे गणित १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडले, तेच पुढे त्याच देशाच्या पियेर-मिशेल द्युफिये यांनी १९४६ मध्ये प्रकाशाला लावून दाखवले. अमेरिकेत ऑटो शाडे यांनी टेलिव्हिजनच्या चित्रासाठी याच दिशेने काम केले. तव्याच्या उष्णतेचे गणित फोटोच्या कामी आले, हे वाचून मला ज्ञानाच्या शाखांमधील भिंतींविषयी थोडी शंकाच वाटू लागली.

आलेखाची आडवी बाजू म्हणजे चित्राच्या मध्यापासूनचे अंतर. डावीकडे शून्य म्हणजे चित्राचा मध्य. उजवीकडे सरकावे तसतसे आपण कोपऱ्याकडे जातो. ज्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर असतो त्याचा कोपरा मध्यापासून सुमारे २१.६ मिलिमीटरवर येतो. म्हणून हे आलेख साधारण तेथे संपतात. जवळजवळ प्रत्येक भिंगाची रेघ डावीकडे उंच असते आणि उजवीकडे उतरत जाते. मध्यावर बसलेल्याचे चांगले आणि कडेला पडलेल्याचे वाईट, हा न्याय भिंगातही आहे!

आता रेघा. दहा जोड्यांची रेघ वर असते, तीस जोड्यांची तिच्या खाली. दहाची रेघ चित्राचा एकूण उठाव सांगते. ती ०.८ च्या वर राहिली तर भिंग उत्तम आणि ०.६ च्या वर राहिली तर समाधानकारक, असा ठोकताळा कॅनन कंपनीच्या माहितीपुस्तकात दिला आहे. तीसची रेघ बारीक तपशील सांगते, म्हणजे डोळ्यांच्या पापण्या, शालूची जर, अक्षतांचे दाणे. शिवाय प्रत्येक रेघ जोडीने येते, एक सलग आणि एक तुटक. हे समजायला बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे. चाकाच्या तुंब्यातून बाहेर जाणाऱ्या आऱ्यांच्या दिशेने ज्या रेषा असतात त्या सॅजिटल, त्या बहुधा सलग रेघेने दाखवतात. चाकाच्या धावेच्या दिशेने ज्या रेषा जातात त्या मेरिडिओनल, त्या तुटक रेघेने. भिंग आरे नीट दाखवते पण धाव फिसकटवते, असे पुष्कळदा घडते. मग सलग आणि तुटक या दोन रेघा एकमेकींपासून दूर जातात. त्या जवळजवळ राहिल्या तर भिंगाचा कारभार सरळ आहे असे समजावे.

एवढे कळले की आलेख वाचता आला. पण अक्षरे लावता येणे म्हणजे वाचणे नव्हे, हे आपले प्राध्यापक आपल्याला कवितेच्या तासाला नेहमी सांगतात. या कागदालाही ते लागू आहे. येथून पुढे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: पेपर कोणता होता? भिंगाच्या आतले छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर लहान-मोठे करता येते. एफ/२.८ म्हणजे मोठे, एफ/८ म्हणजे लहान. छिद्र पूर्ण उघडे असताना भिंगाचे दोष अधिक दिसतात. ते दोन-तीन टप्पे लहान केले की बहुतेक भिंगांची रेघ वर चढते. दादाच्या कागदावर दोन रंगांच्या रेघा होत्या, काळ्या आणि निळ्या. दुकानदाराचे बोट निळ्यावर होते. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की निळ्या रेघा एफ/८ च्या आहेत. आमच्याकडची लग्ने मंगल कार्यालयात लागतात, गोरज मुहूर्तावर, ट्यूबलाइटच्या उजेडात. तेथे एफ/८ कोण लावणार? दादाच्या उपयोगाच्या होत्या त्या काळ्या रेघा, आणि त्यांच्याबद्दल कोणी काही बोलले नव्हते.

दुसरा प्रश्न: यातला कोणता भाग माझा? दादाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. त्याचा कोपरा मध्यापासून १४ मिलिमीटरवरच येतो. म्हणजे आलेखावरचा १४ च्या उजवीकडचा भाग त्याच्या फोटोत येतच नाही. दुकानात त्याच कंपनीचे, लहान सेन्सरसाठीच बनवलेले, एफ/२.८ चेच एक जुने वापरलेले भिंगही होते. त्याचा आलेख आम्ही मिळवला. एकाच कंपनीचे, एकाच पद्धतीने काढलेले दोन कागद शेजारी ठेवून १४ मिलिमीटरपर्यंतच्या काळ्या रेघा पाहिल्या. फरक होता, पण फार थोडा. महाग भिंगाची खरी मातब्बरी १४ च्या पुढच्या कोपऱ्यांत होती, आणि ते कोपरे दादाच्या कॅमेऱ्यात नव्हतेच. शिवाय मोठ्या सेन्सरसाठी केलेले ते भिंग लहान सेन्सरवर लावले की त्यात कमी दृश्य मावते. मांडवातले सगळे वऱ्हाड एका फोटोत घ्यायचे तर दादाला भिंतीला पाठ लावूनही पुरले नसते. दादाने जुने भिंग घेतले आणि उरलेल्या पैशांत एक चांगला फ्लॅश. बचतगटाचे कर्ज निम्म्याहून कमी काढावे लागले. वडील एवढेच म्हणाले, "कापड पसंत करताना काठ बघून भागत नाही, आतलं पोत बघाय लागतंय."

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहान सेन्सरचे चित्र मोठ्या सेन्सरच्या चित्राएवढे करायचे तर ते दीडपट जास्त मोठे करावे लागते. म्हणून मोठ्या सेन्सरवर तीस जोड्यांनी जे काम होते त्याला लहान सेन्सरवर पंचेचाळीस लागतात. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांसाठी दोन भिंगे तोलायची असतील तर तीसच्या रेघा शेजारी ठेवून भागत नाही. दादाची दोन्ही भिंगे एकाच कॅमेऱ्यावर लागायची होती, म्हणून आमची तुलना रास्त होती.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हे गुण दिले कोणी? अनेक कंपन्यांचे आलेख प्रत्यक्ष भिंग मोजून काढलेले नसतात. भिंगाच्या आराखड्यावरून, भिंग जसे हवे तसे तंतोतंत बनले तर ते कसे वागेल, याचे गणित करून ते काढलेले असतात. म्हणजे परीक्षेला बसण्यापूर्वीच, अभ्यासक्रम पाहून दिलेले गुण! जर्मनीची झाइस कंपनी प्रत्यक्ष मोजलेले आलेख देण्याबद्दल प्रसिद्ध आहे. जपानची सिग्मा कंपनी २०१२ पासून आपल्या नव्या मालिकांतील प्रत्येक भिंग कारखान्यातच मोजून मग बाहेर पाठवते. अमेरिकेत भिंगे भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्स या संस्थेचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी तर एकाच नावाची अनेक भिंगे मोजून त्यांची सरासरी आणि त्यांच्यातील फरक जगापुढे ठेवले. एकाच साच्यातून निघालेली, एकाच किमतीची भिंगेही एकसारखी नसतात, हे त्यावरून स्पष्ट झाले. गणिताने काढलेला कागद आणि हातातले भिंग यांत जे अंतर आहे, ते छापील अभ्यासक्रम आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवला गेलेला भाग यांतील अंतरासारखेच आहे.

येथे आणखी एक अडचण येते. सगळ्या कंपन्या एकच प्रश्नपत्रिका काढीत नाहीत. कोणी १० आणि ३० जोड्यांच्या रेघा देतात, झाइस १०, २० आणि ४० च्या देते, लायका ५, १०, २० आणि ४० च्या. कोणाच्या गणितात प्रकाशाचे पसरणे धरलेले असते, कोणाच्या नसते. मग एका कंपनीच्या भिंगाला ०.७ आणि दुसरीच्या भिंगाला ०.६ म्हणून पहिले श्रेष्ठ ठरवणे हे एका विद्यापीठाचे ७० टक्के आणि दुसऱ्याचे ६० टक्के यांची तुलना करण्यासारखे आहे. नोकरीच्या मुलाखतीत आपल्याला अशी तुलना झाली की राग येतो. वस्तू घेताना मात्र आपण तीच तुलना निश्चिंतपणे करतो.

चौथा प्रश्न: या कागदावर कोणता विषयच नाही? हा आलेख बहुधा फार दूरच्या वस्तूवर भिंग लावले असता काय होईल ते सांगतो. जवळच्या चेहऱ्यावर ते कसे वागेल हे सांगत नाही. दिव्याकडे तोंड केले की चित्र धुरकट होते का, सरळ खांब वाकडा दिसतो का, कोपरे काळवंडतात का, फोकस किती चटकन धरते, पावसात टिकते का, बिघडले तर दुरुस्त कोण करील, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. आणि हात हलला तर जगातील सर्वोत्तम आलेखही फोटो वाचवू शकत नाही.

यावर काही मित्र म्हणतील, "एवढे सगळे करून शेवटी कागद अपुराच, तर मग तो वाचायचाच कशाला? कलावंताला आलेख लागत नाही." हे मत ऐकायला गोड आहे आणि त्याला इतिहासाचा थोडा आधारही आहे. १८१५ साली कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांना वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे धूसर आहेत आणि त्या काळच्या जाणकारांनी त्यांना त्याबद्दल नावे ठेवली. त्यांनी १८६७ मध्ये काढलेले सर जॉन हर्शेल यांचे चित्र आजही पाहणाऱ्याला थांबवते. हे हर्शेल म्हणजे छायाचित्र पक्के करणाऱ्या 'हायपो'चा गुण १८१९ मध्येच ओळखणारे शास्त्रज्ञ. त्या चित्रातील पांढऱ्या केसांच्या प्रभावळीत किती रेषाजोड्या आहेत हे कोणी विचारीत नाही.

परंतु याचा अर्थ धूसर ते सुंदर असा नव्हे. कॅमेरॉन यांनी धूसरपणा निवडला होता. दुकानदाराने गळ्यात मारलेला धूसरपणा आणि आपण निवडलेला धूसरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड करायची तर माहिती हवीच.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण घ्या. १९३२ साली सॅनफ्रान्सिस्कोच्या परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदी छायाचित्रकारांनी एक गट स्थापन केला. चित्र कडेपासून कडेपर्यंत रेखीव असले पाहिजे हा त्यांचा आग्रह. गटाचे नावच मुळी अ‍ॅपर्चरवरून ठेवले: 'ग्रुप एफ/६४'. आता गंमत पाहा. छिद्र फार लहान केले की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. हा निसर्गाचा नियम आहे, तो कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. कोणत्या बारकाईला सगळेच करडे होईल तेही साध्या गणिताने काढता येते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.०००५५ मिलिमीटर. तिला ६४ ने गुणावे आणि उत्तराने १ ला भागावे. येतात सुमारे २८. म्हणजे एफ/६४ वर जगातील कोणतेही भिंग मिलिमीटरला २८ पेक्षा अधिक रेषाजोड्या दाखवू शकत नाही. आपल्या आलेखातील तीस जोड्यांची रेघ तेथे सपशेल शून्यावर पडेल! रेखीवपणाचा झेंडा उभारणारा हा गट आजच्या कागदावर नापास!

मग त्यांची चित्रे रेखीव कशी? कारण वेस्टन यांच्यासारखे छायाचित्रकार ८ × १० इंचांच्या निगेटिव्हवरून तेवढ्याच आकाराची प्रत काढीत. ती मोठी करायची नव्हतीच. वीतभर अंतरावरून पाहताना आपल्या डोळ्याला मिलिमीटरला पाच-सहा जोड्यांच्या पलीकडे फारसे काही कळत नाही. तेवढ्या तर एफ/६४ वरही सहज मिळतात. उलट ३६ मिलिमीटरचे चित्र आठपट मोठे करून भिंतीवर लावायचे म्हटले तर त्या पाचांच्या जागी भिंगाकडून चाळीस मागाव्या लागतात. म्हणजे रेखीवपणा हा एकट्या भिंगाचा गुण नाही. चित्र केवढे करणार, कोठून पाहणार, यावर तो ठरतो. मला या सगळ्या अभ्यासात सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. कॅमेरॉन आणि वेस्टन यांची चित्रे शेजारी ठेवली तर दोघांनाही आपल्याला काय हवे आहे हे आधी ठाऊक होते असे दिसते. आलेख त्यानंतर येतो.

विद्यार्थिमित्रांनो, आता आपल्याविषयी थोडे. भिंगाला जो न्याय मिळतो तो आपल्याला मिळत नाही असे मला वाटते. भिंगाचे प्रगतिपुस्तक मध्यापासून कोपऱ्यापर्यंत, जाड रेषांपासून बारीक रेषांपर्यंत, उघड्या छिद्राचे आणि लहान छिद्राचे वेगवेगळे गुण देते. आपल्याला शेवटी एकच टक्केवारी मिळते. तिच्यात कोणी पहाटे मागावर सूत सांधून वर्गात आले, कोणी बारा मैलांवरून एसटीने आले, हे कोठेच दिसत नाही. एका आकड्याने आपल्याला जोखले जाते याची तक्रार आपण करतो, ती रास्तच आहे. परंतु ज्यांना दुसऱ्याचा आलेख पुरता वाचण्याचा कंटाळा आहे त्यांना आपला पुरता वाचला जावा अशी मागणी करण्याचा हक्क थोडा कमी पोचतो.

म्हणून आपल्या महाविद्यालयापुढे मी एक साधी सूचना ठेवते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी दर वर्षी दहा तासांचा एक वर्ग घ्यावा, आणि त्यात तक्ते आणि आलेख वाचायला शिकवावे. भिंगाचे आलेख ज्याला हवे त्याने वाचावेत. पण कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता, रक्त तपासणीच्या रिपोर्टातील 'सामान्य' आकड्यांचा रकाना, विम्याच्या कागदातील बारीक अक्षरे, पावसाचे आलेख आणि निवडणुकीच्या टक्केवाऱ्या हे सगळ्यांना लागते. यासाठी नवा प्राध्यापक नको. आमच्या अर्थशास्त्र, भूगोल आणि मानसशास्त्र विभागातील सर आणि मॅडम हे उत्तम शिकवू शकतील. परीक्षा मात्र ठेवू नये. गुण ठेवले की आम्ही गुणांसाठी पाठ करू आणि वाचन पुन्हा राहून जाईल.

प्रत्येक तक्त्यापुढे चार प्रश्न विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झाले. पेपर कोणता होता? यातला माझा भाग कोणता? गुण दिले कोणी? आणि कोणता विषय यात नाहीच? दुकानदार, एजंट, पुढारी किंवा जाहिरातदार जेव्हा एका रेघेवर बोट ठेवतो तेव्हा ते बोट जेथे नाही तेथे आधी पाहावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आपण सोडून दुसरे कोणी हे पाहणार नाही. जे शिकलेल्या आईबापांच्या पोटी जन्मले त्यांचे एखादा कागद न वाचल्याने थोडे नुकसान होईल. आपल्या घरी तो न वाचल्याचा हप्ता वर्षानुवर्षे भरावा लागतो. तेव्हा पदवी मिळण्याची वाट न पाहता हे वाचन आपण आजपासूनच सुरू करावे, असे मला मनापासून वाटते.